सीटवरचं जाकीट

शेवटच्या थांब्यावर बस उभी करून तिने हँडब्रेक ओढला आणि उठण्याआधी एक हात मागे नेऊन सीटवर अंथरलेलं जाकीट चाचपलं. कोरडं होतं. तेवढ्यानेच तिचा जीव भांड्यात पडला. मागच्या दाराने उतरलेले एक आजोबा छत्री विसरून चालले होते. तिने हॉर्न वाजवून त्यांना परत बोलावलं, छत्री हातात दिली, दारं बंद केली आणि मग रिकाम्या बसमध्ये उभी राहून आतल्या मोठ्या आरशात स्वतःला पाठमोरी पाहून घेतलं. त्या आरशाचा असा उपयोग करणारी डेपोतली ती एकटीच असावी. राखाडी पँट स्वच्छ होती.

जाकीट डेपोनेच दिलेलं, थंडीच्या दिवसांसाठी, गडद निळं, आतून अस्तर असलेलं. त्याची चार पदरी घडी घालून ती रोज सीटवर ठेवायची आणि त्यावर बसायची. ड्रायव्हरबाई बुटकी आहे, रस्ता नीट दिसावा म्हणून उंची वाढवून घेते, अशी डेपोत सगळ्यांची समजूत झाली होती. तिने ती समजूत तशीच राहू दिली. खरं कारण सांगण्यापेक्षा बुटकी म्हणवून घेणं परवडलं.

खरं कारण असं होतं की गोळ्या सुरू केल्यापासून तिला मधेच डाग पडत होते. पाळी नव्हे, पाळी आपल्या वेळेला येऊन जायची. पण ती आटोपून बरेच दिवस झाल्यावर, काही ध्यानीमनी नसताना, कधी तपकिरी, कधी लालसर, अगदी थोडंसं. घरात बसलेल्या बाईने ते मनावरही घेतलं नसतं. हिला मात्र एकदा स्टिअरिंग हाती घेतलं की दुसऱ्या टोकापर्यंत उठता येत नसे. भर गर्दीत, सिग्नलला, वळणावर, अचानक ओल जाणवली की पुढचा सगळा रस्ता ती एका बाजूने रस्त्याकडे आणि दुसऱ्या बाजूने स्वतःकडे लक्ष ठेवून कापायची. लॉकरमध्ये जास्तीची पँट ठेवली होती, पिशवीत पातळ पॅड, आणि सीटवर हे जाकीट.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या सीटसाठी. कंडक्टर म्हणून कित्येक वर्षं उभी राहिल्यावर आत्ता कुठे तिला बसायला मिळालं होतं. पण कायम व्हायला वर्षभराचा उमेदवारीचा काळ पुरा करावा लागे, आणि त्या काळात दिवस गेले तर बाईला बसवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवत. नियम चांगल्याच मनाने केलेला होता. फक्त त्या खिडकीतून परत सीटवर आलेली बाई अजून कुणी पाहिली नव्हती. नवऱ्याशी बोलून, दोघांनी ठरवून, मूल वर्षभर पुढे ढकललं होतं. म्हणून गोळ्या. आणि गोळ्यांमुळे हे. तिकिटाच्या खिडकीतली मैत्रीण म्हणे, असं व्हायला लागलं की चार दिवस गोळ्या सोडून द्यायच्या, शरीराला जरा उसंत मिळते. तिला ते पटत नव्हतं, पण दर वेळी ओल जाणवली की पटायच्या बेताला यायचं.

घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीशी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. जुने कपडे नीट करून द्यायचं काम त्या घरूनच करत. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची उंची कमी, कुणाची अडकलेली चेन. गल्लीत कोण जाड झालं आणि कोण खंगलं याची बातमी सगळ्यांत आधी त्यांना लागायची.

"आलं का विमान?" त्यांनी मान वर न करता विचारलं. सून ड्रायव्हर झाल्यापासून त्या तिला पायलट म्हणत.

"आलं. उशिरा, पण आलं."

ती सरळ न्हाणीघरात गेली. बेसिनखाली निळी बादली असे, गार पाण्याने अर्धी भरलेली. घरातल्या दोन्ही बायकांचे आतले कपडे त्या एकाच बादलीत भिजायचे आणि ज्या कुणाला वेळ होईल ती उचलून धुण्याच्या मशीनला लावायची. असलं काही त्या घरात लपवत नसत. खरं म्हणजे लपवायला जागाच नव्हती. दोन खोल्या, एक न्हाणीघर, आणि गोळ्यांची पट्टी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकून ठेवलेली. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. नातवंडाचा विषय त्यांनी एकदाच काढला होता आणि सुनेचं म्हणणं ऐकून घेतल्यावर, "आधी तुझी सीट पक्की होऊ दे, बाळ कुठे पळून जातंय," एवढं बोलून तो मिटवला होता.

ती बादलीत कपडा टाकायला वाकली तेव्हा पाणी आधीच किंचित गढूळ झालेलं होतं. कालचंच असेल, असं तिने धरलं.

"आज पण?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"थोडंसंच."

"दुखतं का गं?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही, आई."

"बरं. राहू दे ती बादली. मी बघते." आणि त्यांनी बादली आपल्याकडे ओढून घेतली. तेव्हापासून बादलीचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. ड्युटीवरून दमून येतेस, म्हणाल्या. तिला बरंच वाटलं. अशी सासू मिळायला नशीब लागतं, हे ती डेपोत सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात थोडी फुशारकीही असायची.

शेवटी एक दिवस ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या आणि प्रश्न विचारताना चष्म्यावरून बघायच्या. पाळी कधी, डाग किती, रंग कसा, हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, गोळी कधी घेता.

"रोज. एकही चुकवलेली नाही."

"रोज कधी?"

"सकाळी, चहाबरोबर."

"आणि चहा कधी?"

ती सांगायला गेली आणि मधेच थांबली. चहा ड्युटीवर अवलंबून होता. पहाटपाळी असली तर अंधारातच व्हायचा, दुपारपाळी असली तर चांगलं ऊन खिडकीत आल्यावर. ड्युटीची पाळी दर आठवड्याला बदलायची. तिच्या लेखी उठून घेतलेला पहिला चहा म्हणजे सकाळ, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. डेपोत सगळ्यांचंच असं होतं. तिथे सकाळ ही ज्याची त्याची होती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. तुम्हाला सकाळ दोन प्रकारची असेल, म्हणाल्या, गोळीला एकच कळते. पहिले काही महिने असे डाग बऱ्याच जणींना पडतात, शरीर सवय करून घेतं आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पण वेळ अशी मागेपुढे होत राहिली तर ते लांबतं. एक वेळ ठरवा, कामाच्या दोन्ही पाळ्यांत जमेल अशी. मधेच गोळ्या सोडू नका, मैत्रिणीचं अजिबात ऐकू नका. एवढं करूनही चालू राहिलं, जास्त झालं, किंवा दुखायला लागलं, तर परत या.

ती घरी आली तेव्हा नवरा जेवत होता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता, आणि बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की कुठल्या तरी वरच्या मजल्यावर अडकल्यासारखा चेहरा करायचा. आताही त्याने दोन घास भरभर घेतले आणि जिन्यातला दिवा बघून येतो म्हणून उठला. जिन्यातला दिवा ठणठणीत होता.

सासूबाईंनी मात्र मशीन थांबवलं. हातातली पँट तशीच सुईखाली ठेवून त्या तिच्याकडे वळल्या.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या. वेळ बदलायची फक्त. बाकी घाबरण्यासारखं नाही, आपोआप थांबतं."

"आपोआप?"

"हो."

"तपासलं कसं? आत काही घालून बघतात का?"

"मला नाही तपासलं. नुसतं विचारलं."

सासूबाईंनी थोडा वेळ पँटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "आणि दुखत नसेल तर?"

"दुखत नसेल तर मग काहीच नाही, आई. उगाच काळजी करताय तुम्ही."

हे शेवटचं काही डॉक्टरबाई म्हणाल्या नव्हत्या. ते तिने पदरचं घातलं. सासूबाईंचा चेहरा उतरलेला दिसत होता, आणि आपल्यासाठी कुणी इतका जीव टांगणीला लावलेला तिला बघवेना. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने टाके उसवल्याचा आवाज आला. शिवण वाकडी गेली होती. असं त्यांचं सहसा होत नसे.

गोळीची वेळ संध्याकाळी सातची ठरली. पहाटपाळी असली तर ती तेव्हा घरी असायची. दुपारपाळी असली तर जेवणाच्या सुट्टीत शेवटच्या थांब्यावर. सासूबाईंनी हे काम अंगावर घेतलं. त्यांना गजर लावता येत नव्हता. तो त्यांनी मुलाकडून लावून घेतला, आणि त्यालाही तो कशाचा ते विचारायचा धीर झाला नाही. सात वाजता त्यांच्या फोनवर टिणटिण सुरू व्हायची. सून घरी असली तर त्या होत्या तिथून एकच शब्द म्हणायच्या, "गोळी." घरी नसली तर तिला फोन लावून एक रिंग देऊन बंद करायच्या. बस थांबवल्यावर तिला पडद्यावर त्यांचं नाव दिसायचं, आणि ती पिशवीतून पट्टी काढायची. तिकिटाच्या खिडकीतली मैत्रीण म्हणायची, सासूने गोळी घ्यायची आठवण करून दिलेली जगातली पहिली सून असशील तू.

आणि खरंच, हळूहळू डाग कमी झाले आणि मग थांबले. सुरुवातीला तिचा विश्वास बसेना. जाकीट सीटवर ठेवूनच ती बस चालवायची आणि दर फेरीनंतर चाचपून बघायची. मग एक दिवस जाकीट लॉकरमध्ये टांगलं आणि नुसत्या सीटवर बसली. सीट कडक होती, स्प्रिंग एका बाजूला टोचत होती, पण तिला सिंहासनावर बसल्यासारखं वाटलं. डेपोतल्या एकाने तिची उंची वाढली का म्हणून विचारलं. हो, म्हणाली, या वयात वाढतात काही जणी. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने सासूबाईंना सांगितलं की आता सगळं बंद झालं, अगदी पूर्ण.

"सुटलीस," सासूबाई म्हणाल्या. हसल्याही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता बादली नको ठेवायला?"

"ठेवा की. पाळी काय चुकणारे?"

"हो, तेही खरंच," म्हणून त्या दिवा लावायला उठल्या.

पाळी येऊन गेली. त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी ती न्हाणीघरातलं कपाट आवरत होती. साबणाची पावडर सांडली होती, ती पुसायला म्हणून तिने मागच्या वस्तू बाहेर काढल्या. त्यात पातळ पॅडचं पाकीट होतं. डाग थांबायच्या थोडंच आधी तिने ते मोठं पाकीट आणलं होतं, स्वस्त पडतं म्हणून, आणि नंतर त्याची गरजच उरली नव्हती. पाकीट हातात घेतल्याबरोबर ते हलकं लागलं. तिने आत बघितलं. तळाशी थोडेसेच उरले होते.

ती पाकीट घेऊन तशीच उभी राहिली. लिफ्टवाल्या नवऱ्याने वापरले नव्हते हे उघड होतं. घरात येणारं जाणारं कुणी नव्हतं. पैपाहुणा तर कित्येक दिवसांत फिरकला नव्हता. बाहेर मशीनचा आवाज चालू होता, थांबत होता, चालू होत होता.

ती दारात आली. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. इतके दिवस रोज बघूनही न दिसलेली गोष्ट तिला तेव्हा दिसली. सासूबाईंच्या स्टुलावर एक काळं कापड होतं, चार पदरी घडी घातलेलं. कडक स्टुलावर बसायची त्यांना सवय होती. गादी घेऊन बसणाऱ्या बायकांना त्या नावं ठेवायच्या, गादीवर बसलं की शिवण झोपते म्हणायच्या. आणि अंगात तो गडद तपकिरी गाऊन. अलीकडे त्या तोच घालायच्या, नाहीतर दुसरा, काळा. फिका गुलाबी, जो त्यांच्या आवडीचा, तो तिने कित्येक दिवसांत दोरीवर पाहिला नव्हता. बादलीतलं ते आधीच गढूळ झालेलं पाणी तिला आठवलं.

"आई."

सासूबाई वळल्या. एका स्कर्टची घडी बसवत होत्या, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या, ओठांच्या मधे ओळीने. त्यांनी सुनेच्या हातातलं पाकीट बघितलं आणि भुवया वर करून काय म्हणून विचारलं.

"माझं थांबून बरेच दिवस झाले," ती म्हणाली.

सासूबाईंनी तोंडातली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या उशीत खोचली. मग दुसरी. घाई अजिबात केली नाही. सून वाट बघत उभी राहिली. शेवटची टाचणी खोचल्यावरही त्या उशीकडेच बघत होत्या.

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"तुझं सुरू झालं ना, त्याच सुमाराला. थोडं आधी असेल."

"आधी?"

"थोडंसंच गं. कधी असतं, कधी नसतं. दुखत अजिबात नाही." मग त्यांनी वर बघितलं. "तूच म्हणालीस, दुखत नसेल तर काहीच नाही म्हणून."

ती स्टुलाशेजारी खाली जमिनीवर बसली. पाकीट तिच्या हातातच होतं. सासूबाईंची पाळी जाऊन किती काळ लोटला होता. सासरे होते तेव्हाच ती गेली होती, हे त्यांनीच कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. डॉक्टरबाईंच्या खोलीतल्या भिंतीवर एक कागद लावलेला होता, पाळी गेल्यानंतर थोडा जरी डाग पडला तरी लगेच दाखवा, असा. आपला नंबर यायची वाट बघताना तिने तो वाचला होता, आणि तो आपल्यासाठी नाही म्हणून विसरलीही होती.

"ते माझ्याबद्दल होतं, आई. माझं गोळ्यांमुळे होत होतं. तुमचं गोळ्यांमुळे नाही."

"तेवढं कळतं मला," सासूबाई म्हणाल्या. "मी काही कुकुलं बाळ नाही. पण दोघींना एकाच वेळी होत होतं ना. एका बादलीत. तुझं कोणतं न् माझं कोणतं काही वेगळं दिसत नव्हतं. मग वाटायचं, तिला काही नाही म्हणतायत, तर मलाही नसेल." त्यांनी स्कर्ट मांडीवरून काढून मशीनवर ठेवला, नीट, कड जुळवून. "तुझं थांबलं तेव्हा बरं वाटलं मला. खरंच वाटलं. आणि रात्री झोप नाही आली. आता मी एकटीच राहिले असं झालं."

खाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटी ती सुरू झाली.

"दुखत नसेल तर काही नाही, असं डॉक्टर म्हणाल्याच नव्हत्या," सून म्हणाली. "ते मीच म्हटलं. मनानेच."

"का गं?"

"तुम्ही माझी इतकी काळजी करत होता म्हणून."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. चिडल्या नव्हत्या. थोड्या ओशाळल्या होत्या.

"माझीच करत होते गं," त्या म्हणाल्या.

एवढे प्रश्न विचारले होते या बाईने, दुखतं का, तपासतात कसं, आत काही घालतात का, आणि प्रत्येक प्रश्नाला ती खुशाल उत्तरं देत गेली होती, एवढी प्रेमळ सासू म्हणून मनात सुखावत. तिने सासूबाईंचं मनगट धरलं. टाचण्यांची उशी मधे आली, ती तिने बाजूला सरकवली. "उद्या संध्याकाळी जायचं," ती म्हणाली. "माझी पहाटपाळी आहे. दुपारीच मोकळी होईन."

"हे शिवून द्यायचंय उद्या."

"ती बाई जुना स्कर्ट घालेल एक दिवस."

रात्री नवऱ्याला सांगितलं, आईला डॉक्टरांकडे नेतेय, आणि का तेही सांगितलं. तो उठून दिवा बघायला गेला नाही. थोडा वेळ ताटात बोट फिरवत बसला, मग आईला म्हणाला, मी येऊ का. तू लिफ्टा बघ, आई म्हणाली, लोक अडकून पडतील. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो उगाचच दोनदा परत आला, एकदा हातोडी विसरली म्हणून आणि एकदा काहीच न सांगता.

दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या होत्या त्या फिक्या कापडाच्या, जवळजवळ पांढऱ्या. कुणी निवडल्या असतील देव जाणे. सासूबाई एका खुर्चीपाशी आल्या, खाली बघितलं, आणि भिंतीवरचं चित्र बघायचं निमित्त करून उभ्याच राहिल्या. सुनेने पिशवीतून गडद निळं जाकीट काढलं. ते तिने डेपोतून येताना लॉकरमधून मुद्दाम आणलं होतं. चार पदरी घडी घालून खुर्चीवर ठेवलं. सासूबाईंनी जाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हेच का ते? उंचीचं?"

"हेच."

सासूबाई बसल्या. मऊ आहे म्हणाल्या.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, कारण ओळखीचा चेहरा तिचा होता. सून भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि टेबलाजवळची खुर्ची तिने सासूबाईंसाठी सोडली. प्रश्न सुरू झाले. पाळी कधी गेली, हे कधीपासून, किती, रंग कसा. सासूबाई हळू आवाजात, पण सरळ उत्तरं देत होत्या. गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी.

"इतके दिवस दाखवलं का नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

सून पुढे सरकली. "माझ्यामुळे. मी यांना सांगितलं की..."

"तिने काही नाही सांगितलं," सासूबाई मधेच म्हणाल्या. "माझं मलाच ऐकायचं होतं ते मी ऐकलं."

डॉक्टरबाईंनी दोघींकडे चष्म्यावरून बघितलं आणि त्या भानगडीत पडल्या नाहीत. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी तो बघायचाच असतो, म्हणाल्या. पुष्कळदा काही विशेष निघत नाही, आतलं अस्तर पातळ झालेलं असतं, किंवा एखादी छोटी गाठ असते, ती काढून टाकता येते. कधी कधी दुसरंही निघतं. म्हणून बघितल्याशिवाय काही नाही असं म्हणायचं नाही. आता तपासते, मग सोनोग्राफी करायची, आणि लागलं तर आतला छोटासा तुकडा तपासायला पाठवायचा.

"आता म्हणजे आत्ताच?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्ताच."

त्या उठल्या. चष्मा काढून सुनेच्या हातात दिला, मग पर्स, मग केसातला आकडा, तोही कशाला काढला कोण जाणे. पडद्यापाशी जाऊन थबकल्या. माणसं मोजून घ्यावीत तसं त्यांनी मागे वळून बघितलं.

"तू इथंच असशील ना?"

"इथंच आहे, आई."

पडदा सरकला. मागे पायरी सरकवल्याचा आवाज आला, मग टेबल करकरलं, मग ट्रेमध्ये काहीतरी धातूचं ठेवलं गेलं. डॉक्टरबाई सांगत होत्या, पाय इथे, असं, हात छातीवर ठेवा, अंग सैल सोडा. सासूबाईंचा काहीच आवाज येत नव्हता. सुनेने पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. तिला वाटलं, आपण स्वतः कधी इतक्या घाबरलो नव्हतो, पहिल्यांदा गर्दीत बस काढली तेव्हाही नाही. जाकीट तिने आत आणलं होतं, ते शेजारच्या खुर्चीवर चुरगळून पडलं होतं.

तेवढ्यात पर्समध्ये टिणटिण सुरू झाली. ती दचकली. चेन अडकली, मग उघडली. आत रुमाल, किल्ल्या, टाचण्यांची डबी, आणि सगळ्यांच्या तळाशी वाजत असलेला फोन. तो हाती लागेपर्यंत आवाज आणखीच मोठा झाल्यासारखा वाटला.

"गोळी," पडद्यामागून सासूबाई म्हणाल्या.

तिने फोन बंद केला.

"घेतलीस का?"

"घेते."

"घे आधी. पाणी आहे ना?"

"आहे."

तिने आपल्या पिशवीतून पट्टी काढली. गोळी तळहातावर नीट पडली नाही, मांडीवरून उचलावी लागली. बाटलीतलं पाणी घेतलं आणि गिळली.

"घेतली, आई," ती पडद्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"श्वास रोखून धरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हं, असं." तिने बाटलीचं झाकण लावलं, जाकीट ओढून घेतलं, झटकलं, बाह्या आत दुमडल्या, आणि पुन्हा चार पदरी घडी घालून ते टेबलाजवळच्या खुर्चीवर ठेवलं.